दादांची अकरावी मंजुरी

१

मृत्यू अंतिम असतो. या एका मुद्द्यावर जगातले सगळे धर्म, सगळी शास्त्रं आणि आयुर्विम्याचे सगळे एजंट यांचं एकमत आहे. इतकं एकमत पंखा दोनवर ठेवायचा की तीनवर यावरही होत नाही. मंगळवारी सकाळी नऊ वाजून बेचाळीस मिनिटांनी मात्र दादांनी एका कामाला मंजुरी दिली. दादांना जाऊन तेव्हा नऊ महिने होत आले होते.

काम होतं 'रंधा'चं. रंधा हा एक प्रोग्राम. प्रोग्राम लिहिणाऱ्यांनी ज्यात बसून आपले प्रोग्राम लिहायचे, असा. तो फुकट मिळतो आणि कुणाच्याच मालकीचा नाही, म्हणजेच सगळ्यांच्या मालकीचा आहे, आणि म्हणूनच तो सांभाळायला माणसं मोजून चार होती. त्यांतलेही दादा गेले.

रंध्याला ठिकठिकाणच्या लोकांनी नऊशे प्लगिनं जोडली होती. प्लगिन म्हणजे घराला काढलेली पडवी. आपण आपल्या हौसेने काढायची, पण वासे टेकवायचे मूळ घराच्या भिंतीवर. घरमालकाने न सांगता भिंत पाडली, की पडवी झोपलीच. म्हणून रंध्यात एक नियम होता : कुठलंही फंक्शन घालायचं किंवा काढायचं, तर दोन कारभाऱ्यांची संमती हवी. एकाने मागायचं, दुसऱ्याने मंजुरी द्यायची. आणि काढायचं असेल, तर मंजुरी देणाऱ्याने त्याआधी प्लगिनवाल्यांना कळवायचं.

मंगळवारी 'कुठे' नावाचं, आपण कुठल्या ओळीवर आहोत ते सांगणारं फंक्शन काढून रंध्याची सातवी आवृत्ती बाहेर पडली. दुपारपर्यंत एकसष्ट पडव्या झोपल्या होत्या. कुणालाही कळवलेलं नव्हतं.

मंजुरीखाली एकच ओळ होती.

"ठीक आहे. माझ्यासाठी थांबू नका. — दादा"

२

शिलाई मशीनच्या दुरुस्तीचं एक दुकान होतं. त्याच्या वरच्या मजल्यावर रंध्याची खोली. खालून दिवसभर खडखड येई. खिडकीपाशी दादांची खुर्ची होती. तिच्यावर कुणी बसत नसे. पण तिला कुणी धूळही बसू देत नसे.

त्या खोलीत मावशी माहितीपुस्तिका लिहायच्या. त्याआधी तीस वर्षं त्या कोर्टात लघुलेखिका होत्या. लोकांचं खोटं त्यांनी इतक्या वेगाने आणि इतकी वर्षं उतरवून घेतलं होतं, की एखादा खरं बोलायला लागला की त्यांना पेन थांबवून त्याच्याकडे बघावं लागे.

दुपारी फोन वाजला.

"मावशी, मी कानसेन."

कानसेनला जन्मापासून दिसत नव्हतं. 'वाचक' नावाचं प्लगिन तिने स्वतः लिहिलं होतं. पडद्यावरचं प्रत्येक अक्षर ते मोठ्याने वाचे, आणि ती ते अशा वेगाने ऐके की शेजारच्याला वाटावं, डास फिरतोय.

"बोल गं बाई."

"वाचक बिघडलाय. ओळी वाचतो, पण मी कुठल्या ओळीवर आहे ते सांगत नाही. म्हणजे कंडक्टर सगळ्या स्टॉपची नावं ओरडतोय, पण बस कुठे उभी आहे ते विचारलं की गप्प."

"मग जुनी आवृत्ती घाल परत."

"ऑफिसचं मशीन आहे. आपोआप नवं होतं, जुनं होऊ देत नाही."

"मग दुरुस्त कर. प्लगिन तुझंच आहे ना?"

"वाचून दुरुस्त करायचं ना? आणि वाचू कशाने? चष्मा हरवला तर शोधायला चष्मा लागतो, तशातली गत झालीय."

"आमच्या कात्रीला सांगते, ती बघेल तुझं."

"विचारलं तिला. 'कुठे'च्या जागी जे नवं आलंय, त्याच्यावर वाचक बसवायला पंधरा दिवस लागतील म्हणाली. माझी चाचणीची मुदत शुक्रवारी संपतेय, मावशी. तीन वाजता साहेबांसमोर बसून काम करून दाखवायचंय."

"नाही जमलं तर?"

"तर काही नाही. साहेब फार चांगले आहेत. फार हळहळतील."

मावशींचं पेन थांबलं.

"एक विचारू?" कानसेनचा आवाज खाली आला. "काहीही काढायचं असलं की दादा आधी फोन करायचे. 'कानसेन, अमुक पाडतोय, तुझं काय मोडतंय?' आणि मघाशी ऑफिसातल्या एकाने मला मंजुरी वाचून दाखवली. मावशी, दादा गेलेत ना हो नक्की?"

३

'कुठे' काढायला मागितलं होतं कात्रीने. दिवसा ती लिफ्टच्या कारखान्यात प्रोग्राम लिही, आणि उरलेल्या वेळात रंध्यातला जुना भाग शोधून कापी. दादांच्या बरोबरीची कारभारी तीच. तिचं खरं नाव तिच्या आईखेरीज कुणी वापरत नव्हतं. आईही रागावली की कात्रीच म्हणे.

बुधवारी सकाळी मावशींनी तिला समोर बसवलं आणि वहीचं नवं पान काढलं.

"'कुठे' तुला नकोच होतं."

"नव्हतंच. बारा वर्षांचं जुनं फंक्शन. इतकी ठिगळं, की मूळ कापड कुठलं ते कळेना."

"दादांची किल्ली तुझ्याकडे आहे?"

"मावशी!"

"हो की नाही? मी उतरवून घेतेय."

"नाही. त्यांचा पासवर्ड कुणालाच माहीत नाही. त्यांना स्वतःला तरी होता की नाही देव जाणे."

"विनंती कधी पाठवलीस?"

"तीन महिने झाले असतील." कात्रीने फोनवर शोधून तारीख आणि वेळ सांगितली. सकाळचे नऊ बेचाळीस. मावशींनी लिहून घेतलं.

"आणि काल मेलेल्या माणसाची मंजुरी आली, तेव्हा तुला काहीच वाटलं नाही?"

कात्री टेबलावरचा स्टेपलर उघडत-मिटत राहिली. एक पिन उडून दादांच्या खुर्चीखाली गेली. ती आणायला कुणी उठलं नाही.

"पहिली आली तेव्हा मी खूप घाबरले," ती म्हणाली. "खोलीत एकटीच होते. वाटलं, मागे वळून बघू नये. मग म्हटलं, दादांच्या घरी वहिनींनी त्यांचं मशीन उघडलं असेल, त्यांना बरं वाटत असेल तर वाटू दे. दुसरी आली तेव्हा भीती नाही वाटली. बरंच वाटलं."

"दुसरी?"

"मावशी, कालची अकरावी होती."

४

गुरुजी मागच्या खोलीत बसत. गणित शिकवून निवृत्त झालेले. नऊशे प्लगिनांची यादी त्यांच्याकडे होती, आणि ती त्यांना हजेरीपटासारखी पाठ होती. एखादं प्लगिन बंद पडलं की ते "गैरहजर" म्हणत.

"अकराही मंजुऱ्या मी पाहिल्यात," ते शांतपणे म्हणाले.

"आणि बोलला नाहीत?"

"मला वाटलं, दादांच्या नावाने कात्रीच देतेय. पोरगी दुःखात आहे. माणूस दुःखात काहीही करतं. मी तर सौभाग्यवती गेली तेव्हा सहा महिने दोन कप चहा टाकत होतो."

"दुसरा कोण प्यायचं?"

"मीच. चहा वाया का घालवा?"

"म्हणजे कात्रीला वाटलं वहिनी, तुम्हाला वाटलं कात्री. आणि सगळे एकमेकांना सांभाळून घेत गप्प."

"तसं म्हटलं तर तसं." गुरुजींनी चष्मा पुसला. "पण मावशी, एक गोष्ट मला खटकते. जिवंत असताना दादांकडून उत्तर काढणं म्हणजे विहिरीत दगड टाकून आवाजाची वाट बघणं. खिडकी उघडू का असं उन्हाळ्यात विचारलं, तर थंडीत 'उघडा' म्हणायचे. तीन-तीन महिने विनंत्या पडून असायच्या. आणि आता आठवण न करता प्रत्येकीला बरोबर उत्तर येतं. मेल्यावर हा माणूस फार व्यवस्थित झालाय."

मावशींनी ते वाक्य जसंच्या तसं उतरवलं आणि त्याखाली दोन रेघा मारल्या.

"वहिनींकडे जाऊन या," गुरुजी म्हणाले. "मी रोज फिरायला त्यांच्या खिडकीखालून जातो. दादांचं कॉम्प्युटर रोज चालू असतं."

५

वहिनींनी दार उघडलं आणि काही न विचारता मावशींना आतल्या खोलीत नेलं.

टेबल, टेबलावर कॉम्प्युटर, त्यातला पंखा घूंघूं करतोय. पडद्यावर दादांचं नाव आणि त्याखाली पासवर्डची रिकामी चौकट. चौकटीत एक बारीक काडी उघडझाप करत होती. कुणीतरी बोलायला तोंड उघडून पुन्हा मिटावं तशी.

"पासवर्ड माहीत आहे तुम्हाला?"

"मला? मला तर बँकेचासुद्धा सांगितला नाही कधी. मी फक्त सकाळी नऊला बटण दाबते आणि संध्याकाळी बंद करते. तो पंखा वाजत असला की स्वयंपाकघरात बरं वाटतं. कुणीतरी घरात काम करतंय असं."

"आत कधी गेलाच नाहीत?"

"मावशी, तीस वर्षं ते या खोलीत बसले. तेव्हाही मी आत आले तर त्यांना कळायचं नाही. आता काय कळणार?"

मावशींनी वही उघडून मंजुरीची ओळ वाचली. "ठीक आहे. माझ्यासाठी थांबू नका."

वहिनी खुर्चीच्या पाठीला धरून उभ्या राहिल्या.

"हे त्यांचंच आहे."

"कशावरून?"

"ताट वाढून हाक मारली की इथूनच म्हणायचे, 'माझ्यासाठी थांबू नका.' शब्द न् शब्द हाच. आणि मग अर्ध्या तासाने येऊन विचारायचे, 'थांबला नाहीत?' हे कुणाला बाहेर माहीत नाही हो. घरातलं बोलणं आहे."

पंखा वाजत राहिला.

"मावशी, तुम्ही शिकलेल्या आहात," वहिनी हळूच म्हणाल्या. "ते आत आहेत का?"

तीस वर्षांत पहिल्यांदा मावशींनी प्रश्न ऐकला आणि लिहून घेतला नाही.

६

गुरुवारी सकाळी मावशी खोलीवर आल्या, तेव्हा त्यांच्या वहीत अकरा तारखांसमोर अकरा तारखा मांडलेल्या होत्या. कात्रीने कामावर रजा टाकली होती. गुरुजी आले होते. कानसेन फोनवर होती. तिच्या हातात आता उद्या दुपारी तीनपर्यंतचाच वेळ होता.

"अकरा विनंत्या," मावशी म्हणाल्या. "प्रत्येकीची पाठवल्याची वेळ डावीकडे, मंजुरीची उजवीकडे. गुरुजी, वजाबाकी करा."

गुरुजींनी पहिली केली. दुसरी केली. तिसरीनंतर पेन्सिल खाली ठेवली.

"नव्वद दिवस. मिनिटासकट."

"अकराच्या अकरा. 'कुठे'ची विनंती नऊ बेचाळीसला, तर नव्वद दिवसांनी मंजुरीही नऊ बेचाळीसलाच. आता मला सांगा, वहिनी असं करतील? कात्री करेल? किल्ली चोरणारा कुणीही नव्वद दिवस घड्याळ लावून बसेल? आणि दादांचं भूत म्हणावं, तर ज्या माणसाने हयातीत कुणाला वेळेवर उत्तर दिलं नाही, त्याचं भूत तरी वेळेवर येईल का?"

"मग कोण?" फोनमधून कानसेन म्हणाली.

"मुकादम."

मुकादम म्हणजे रंध्यातला हरकाम्या प्रोग्राम. विनंत्या लावणं, आठवण करणं, आवृत्ती बाहेर सोडणं ही सगळी कामं तो करायचा. मावशींनी त्याची नियमावली उघडली. बारा वर्षांपूर्वी दादांनी स्वतः लिहिलेली. सातवा नियम असा होता : दादांनी नव्वद दिवसांत उत्तर दिलं नाही, तर दादांची संमती आहे असं धरावं आणि पुढील मजकूर लिहून मंजुरी नोंदवावी. पुढील मजकूर काय, ते सगळ्यांना पाठ होतं.

"त्यांना माहीत होतं ते उत्तर देत नाहीत," कात्री म्हणाली. "म्हणून आधीच लिहून ठेवलं."

"जिवंत असताना," मावशी म्हणाल्या, "दादा एकोणनव्वदाव्या दिवशी जागे व्हायचे, कानसेनला आणि सगळ्यांना फोन करायचे, मग मंजुरी द्यायचे. म्हणून नियम कधी चाललाच नाही आणि आपल्याला माहीत झाला नाही. मुकादमाला नव्वद मोजता येतं. त्याला फोन करता येत नाही."

फोनमधून कानसेनने सुस्कारा सोडला. "म्हणजे कुणाचाच दोष नाही."

"थांब," मावशी म्हणाल्या. "माझी उलटतपासणी संपलेली नाही. नियम आठवा. कुठलाही कारभारी सहा महिने गप्प राहिला, की मुकादम आपल्याला विचारतो : 'यांचं नाव यादीतून काढायचं का?' एकाने जरी 'होय' दाबलं की नाव जातं, आणि खालचा माणूस, म्हणजे गुरुजी, कारभारी होतो. 'कुठे'ची विनंती आली त्याच आठवड्यात दादांचे सहा महिने भरले होते. ती विनंती गुरुजींकडे गेली असती, तर गुरुजींनी नऊशे फोन केले असते. केले असते की नाही?"

"हजेरी घेतल्याशिवाय मी तास सुरू करत नाही," गुरुजी म्हणाले.

"मग दादांचं नाव यादीत राहिलं कसं? मुकादमाने सहाव्या महिन्यात विचारलं, सातव्यात विचारलं, आठव्यात विचारलं. तिन्ही वेळा कुणीतरी 'नको' दाबलं. कुणी दाबलं त्याची नोंद आहे."

खालच्या दुकानातली खडखड नेमकी थांबली.

"सहाव्यात कात्री."

कात्रीने मान खाली घातली. "एवढं बारा वर्षांचं फंक्शन कापलं मी. ते नाव नाही कापवलं."

"सातव्यात गुरुजी."

"मला वाटलं, माझ्या हाताने नको," गुरुजी म्हणाले. "पुढच्या महिन्यात कुणीतरी दाबेल."

"आणि आठव्यात?" कानसेनने विचारलं.

मावशींनी वही मिटली.

"आठव्यात मी. बोट 'होय'वरच नेलं होतं. मग 'नको' दाबलं. म्हटलं, आज मंगळवार आहे, उद्या बघू. बुधवारी मी बघितलं नाही."

सवयीने तिघांनीही एकदा दादांच्या खुर्चीकडे पाहिलं.

७

"ठीक," शेवटी कानसेन म्हणाली. "मग 'कुठे' परत घाला ना. उद्या तीनपर्यंत."

कात्रीने कीबोर्ड ओढला. 'कुठे' परत घालायला तिला चारच मिनिटं लागली. कापलेलं ती फेकत नसे. जपून ठेवी, हे गुपित त्या दिवशी फुटलं. विनंती पाठवली. मुकादमाचं तत्काळ उत्तर आलं.

"दुसऱ्या कारभाऱ्यांच्या मंजुरीची वाट पाहत आहे. कारभारी : दादा. उरलेले दिवस : नव्वद."

"अरे देवा," गुरुजी म्हणाले.

त्याच उत्तराखाली आणखी एक ओळ होती. सकाळपासून आलेली, कुणी न उघडलेली. दादांना जाऊन आज नऊ महिने पुरे झाले होते, आणि मुकादम चौथ्यांदा विचारत होता : यांचं नाव यादीतून काढायचं का?

'होय' दाबायला एकच बोट लागत होतं. खोलीत तीस बोटं होती. त्यांतलं एकही हललं नाही.

"वहिनींना विचारल्याशिवाय नको," मावशी म्हणाल्या.

"विचारायलाच हवं," गुरुजी लगेच म्हणाले.

"नक्कीच," कात्री म्हणाली आणि चपला शोधू लागली. माणसं जबाबदारी ढकलतात तेव्हा इतकी तत्पर असतात, की त्यांना पाहून कुणालाही वाटावं ही जबाबदारी घ्यायलाच निघालीत.

वहिनींनी सगळं ऐकून घेतलं. नव्वद दिवस, मुकादम, सातवा नियम. आतल्या खोलीतून पंख्याचा आवाज येत होता.

"म्हणजे ते आत नाहीत," त्या म्हणाल्या.

"नाहीत, वहिनी."

"'होय' म्हटलं की काय होतं?"

"कारभाऱ्यांच्या यादीतून नाव जातं," कात्री घाईने म्हणाली. "पण त्यांनी लिहिलेल्या प्रत्येक ओळीवर त्यांचं नाव आहे, ते कुणीच काढू शकत नाही. मीसुद्धा नाही. फक्त आता त्यांना कुणी काही विचारणार नाही."

"मग तुम्ही तिघांनी आजवर का नाही दाबलंत?"

गुरुजी भिंतीकडे बघू लागले, मावशी हातातल्या वहीकडे, आणि कात्रीच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते तिने बाहीने पुसलं.

"बघा," वहिनी म्हणाल्या. "आणि मी समजत होते की या गावात मीच एकटी वेडी आहे. रिकामं मशीन चालू ठेवते म्हणून." त्यांनी पदराला हात कोरडे केले. "ती मुलगी किती वाजेपर्यंत थांबू शकते?"

"उद्या तीन."

"आणि हे नव्वद दिवस लावणार. घरच्या मुंजीच्या जेवणांना, बारशाच्या जेवणांना, सगळ्यांना उशीर केलाय या माणसाने. या पोरीला नाही करू द्यायचा. आणा इकडे."

मावशींनी फोन पुढे केला. वहिनींनी चष्मा लावला, प्रश्न एकदा पूर्ण वाचला, ओठ हलवून परत एकदा वाचला, आणि 'होय' दाबलं. दाराची बेल दाबावी तितक्या सहज.

मुकादमाने लिहिलं : "नोंद झाली. नवे कारभारी : गुरुजी."

गुरुजींनी खिशातून स्वतःचा फोन काढला. विनंती समोर आली होती. त्यांनी बोट उचललं, थांबले, आणि कात्रीकडे रोखून पाहिलं. "प्लगिनवाल्यांना कळवलंस?"

"गुरुजी, परत घालतोय! काढत नाही आहोत!"

"तरी कळवायचं."

एकसष्ट जणांना निरोप गेले. मग मंजुरी गेली. दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी नवी आवृत्ती बाहेर पडली, आणि पावणेपाचला मावशींचा फोन वाजला. पलीकडून आधी नुसता डासासारखा बारीक, वेगवान आवाज आला. मग कानसेनचा.

"ऐकलंत? दोनशे चौदावी ओळ, नववं अक्षर. मी दोनशे चौदाव्या ओळीवर आहे, मावशी!" ती हसत होती की रडत होती ते फोनवरून कळेना. "उद्याचं आता माझं मी बघते."

फोन बंद झाल्यावर चौघंही तशीच बसून राहिली. काही मोठं बोलायला हवं, असं प्रत्येकाला वाटत होतं. गुरुजींनी त्यासाठी घसाही साफ केला. ते उभे राहिले, दादांच्या खोलीकडे पाहिलं, आणि म्हणाले, "एका पर्वाचा..."

"उभेच आहात, तर एक काम करा," वहिनी म्हणाल्या. "ओट्यावर मधाची बरणी आहे, हे गेल्यापासून मला उघडता आलेली नाही. तिचं झाकण तेवढं उघडून द्या."